माझं लिव्हर, आप्पांसाठी

२१ एप्रिल
आजपासून रोज लिहायचं. आप्पांचं लिव्हर संपत आलंय. आयुष्यात दारूचा थेंब नाही, तरी. घरातल्या कुणी आपला तुकडा दिला तर वाचतील, देणाऱ्याचं पुन्हा वाढतं म्हणे. आईचं वय झालं. ताई तयार होती, पण तिचं पोर लहान. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, मी देणार. आयटीआय सोडलं, बोटीवरची नोकरी सोडली, हे सोडणार नाही. आई रडली. आप्पा नुसते माझ्या पोटाकडे बघत राहिले.

२३ एप्रिल
सोनोग्राफी. फॅटी लिव्हर, ग्रेड टू. त्यात काही अर्थ नाही. ती जेली इतकी गार की पोट दचकून फुगलं. माझा मित्र दर्शन म्हणाला, सोनोग्राफी करणाऱ्याच्या हातावर असते. त्याचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, मशीनमधलं कळतं त्याला.

२८ एप्रिल, मुंबई
सीटी आणि एमआरआय, दोन्ही. डॉक्टरीणबाईंनी बेंबीजवळचा आडवा काप दाखवला, फणस कापल्यासारखा. कातडीखालची चरबी वेगळी, आतड्यांभोवतीची वेगळी. आतली जास्त वाईट. सीटीत चरबी काळी, एमआरआयच्या फोटोत पांढरी. मी म्हटलं, दोन मशीनचंच एकमेकांत पटत नाही, तर माझं काय खरं धरायचं? त्या हसल्या नाहीत. लिव्हरमध्ये चरबी एकवीस टक्के. दहाच्या आत आणा, महिन्याने पुन्हा बघू. त्याहून जास्त आप्पांना थांबता येणार नाही.
महिना म्हणजे भरपूर.

३० एप्रिल
भात बंद. तळलेले मासे बंद. साखर बंद. फक्त फळं.

२ मे
आरे-वारेच्या किनाऱ्यावर चालायला गेलो. बाईकने, कारण चालायचं तिथे होतं. पुण्याची एक गाडी वाळूत रुतलेली. ढकलली. तोही व्यायामच. त्यांनी भजी दिली. नाही म्हणणं बरं दिसत नाही.

६ मे
फळांवर आहे. सकाळी पाच हापूस, दुपारी सहा, रात्री आमरस. आई म्हणाली, मेल्या, हा कसला उपास. तिला समजावलं की आंब्याला तेल लागत नाही. शिवाय बागेतला डागी माल वायाच जातो.

११ मे
वेळणेश्वरला नवस बोलून आलो. पोट जाऊ दे. तिथे कुणाचं तरी अभिषेकाचं जेवण होतं. प्रसादाला नको म्हणू नये. दोनदा वाढला.

१५ मे
पॅन्ट सैल होतेय. दर्शनची आहे, पण होतेय.

१९ मे
आप्पांच्या पोटात पाणी झालंय. हातपाय काड्या, डोळे हळदीसारखे. त्यांना काही खाववत नाही. वाटीभर पेज तशीच राहिली, ती मी संपवली. मग मागीलदारी जाऊन घशात बोटं घातली. पुन्हा पुन्हा घातली. नाही आली उलटी.

२० मे
उद्यापासून फक्त पाणी.

२१ मे
दुपारपर्यंत पाणी.

२८ मे, मुंबई
पुन्हा एमआरआय. मशीनमधून आवाज आला, श्वास रोखा. मी श्वासाबरोबर पोटही आत ओढून धरलं.
चोवीस टक्के.
मी म्हटलं, वजन कमी झालंय, काट्यावर बघा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काट्याला आतलं दिसत नाही. आंब्यांचं आईने सांगून टाकलं. मी विचारलं, आणखी एखादं मशीन आहे का, कुठेही, मी जातो. नाही म्हणाल्या.
बाहेर आलो तर बाकावर ताई, हॉस्पिटलचा गाऊन घालून. तिचेही फोटो एप्रिलमध्येच काढून ठेवले होते. चार टक्के. उन्मेष भाऊजी खाली बघत म्हणाले, तुझा हुरूप जाईल म्हणून कुणी बोललं नाही.
म्हणजे माझ्यावर कुणी अवलंबून नव्हतं. बरं झालं. बरंच झालं.

४ जून, मुंबई
आज ऑपरेशन. ताई कालपासून उपाशी, म्हणून मीही तोंडात काही घालणार नाही, अशी शपथ घेतली होती.
ताईला आधी नेलं. जाताना तिने पोराचं दूध कुठल्या पिशवीत आहे ते सांगितलं. मग आप्पांचं स्ट्रेचर. दाराशी त्यांनी हात करून मला बोलावलं. माफी मागायची होती, शब्द जुळवून ठेवले होते. त्यांनी माझा हात धरला.
"काही खाल्लंस का रे?"
नाही म्हणालो.
मनगटाला वडापावची चटणी लागली होती. त्यांनी ती अंगठ्याने पुसली. मग त्यांना आत नेलं.