‘टर्न नाइन’ कोणाकडे जाईल

संक्रांतीनंतरच्या रविवारी सकाळी मी बसवनगुडीच्या देवळात दोड्ड गणपतीचे दर्शन घेतले, श्री. योगीराज यांच्याबरोबर बाय-टू, म्हणजे एक कप दोघांत वाटून, कॉफी घेतली आणि त्यांच्या जुन्या रॅलीच्या गाडीत त्यांच्या शेजारी बसलो. योगीराजकाका शहात्तर वर्षांचे आहेत. एके काळी दक्षिणेतल्या मोटारींच्या रॅली त्यांनी गाजवल्या, आणि सध्या मी त्यांचे चरित्र लिहीत आहे. "खुर्चीत बसून काही आठवत नाही रे. स्टिअरिंग हातात आलं की आठवतं," असे ते म्हणाले, म्हणून आम्ही कोलारच्या रस्त्याला लागलो. एका वळणावर ते ऐन तारुण्यातली एक शर्यत सांगत होते. पुढची गाडी कशी उलटली ते दाखवायला त्यांनी दोन्ही हात उचलले, आणि आम्ही रस्ता सोडून टोमॅटोच्या मळ्यात गेलो.

कोणाला खरचटलेसुद्धा नाही. टोमॅटोंचे मात्र हाल झाले.

"ब्रेक लागला नाही, असं लिही," काका म्हणाले.

"काका, ब्रेक लावायला पाय लागतो. तुम्ही तेव्हा पायांनीही सांगत होता."

मळ्याची मालकीण धावत आली. आम्ही दोघे गाडीत बसून भांडतो आहोत हे पाहून ती आधी थबकली, मग हसली. तिने पाणी दिले, घरातून संक्रांतीचा उरलेला एळ्ळू-बेल्ला आणून आमच्या हातावर ठेवला आणि तो खाऊन चांगले बोला, असे कन्नडमध्ये सांगितले. आपले तिळगूळ आणि गोड बोलणे तेच. आम्ही तिचे नुकसान भरून दिले आणि टोमॅटोची पाटी घेऊन परत आलो. वाटेत मनात आले, की मी नऊ माणसांची आयुष्ये प्रकरणांत नीट लावून दिली, स्वतःचे काहीच लावलेले नाही. म्हणून हा लेख.

तर मी, रत्नाकर महादेव शिंत्रे, वय एकोणपन्नास, मूळ गाव आजरा तालुक्यातील एक वाडी, हल्ली राहणार के. आर. पुरम, बेंगळुरू, व्यवसाय मासिके काढणे व माणसांची चरित्रे लिहिणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. सौ. वासंतीचे याबाबत वेगळे मत असल्यास ते तिने नेहमीप्रमाणे तोंडी मांडावे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. के. आर. पुरम येथील राहते घर, त्यातील सामान व बँकेतील शिल्लक माझी पत्नी वासंती हिची. हे घर एका टोकाला आणि बसवनगुडीतली कचेरी दुसऱ्या टोकाला, यावरून तिने मला बावीस वर्षे बोलून घेतले आहे. पण माझी निम्मी चरित्रे बसमध्ये आणि पुढे मेट्रोत लिहून झाली, हेही नोंदवून ठेवतो. घर जवळ असते तर पुस्तके कमी झाली असती. देवघरातला पितळेचा गणपती गावाहून आलेला आहे. तो ज्याच्याकडे रोज फूल वाहिले जाईल त्याच्याकडे जावा. तूर्त तसे घरात वासंती आणि मी असे दोघेच आहोत.

२. गावच्या जमिनीतला माझा वाटा धाकट्या भावाला. आईला तोच सांभाळतो. मी त्यावर केव्हाच तुळशीपत्र ठेवले आहे.

३. माझ्या नऊ चरित्रांचे हक्क चिरंजीव तनय यास. तो व्हाइटफील्डला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मी मृत्युपत्र लिहितोय हे कळल्यावर तो म्हणाला, "बाबा, विल? सिरियसली? तू तर अजून फोनचं स्टोरेज क्लिअर करत नाहीस." त्याला अट एकच, की नवांपैकी एक तरी पुस्तक त्याने शेवटपर्यंत वाचावे. पहिले नको. त्यात मी विशेषणे फार वापरली आहेत. अगरबत्तीचा कारखाना काढणाऱ्या पद्मावतीबाईंचे वाचावे. त्या मला दर भेटीला आधी जेवायला वाढत आणि मग विचारत, "आज काय विचारणार?" माणसाच्या घरी जेवल्याशिवाय त्याचे चरित्र सुरू करू नये, हा नियम मी त्यांच्याकडून घेतला.

४. चरित्रांच्या धंद्यात एक रीत आहे. पुस्तक छापण्याआधी घरचे लोक वाचतात आणि काही पाने गाळायला सांगतात. गाळलेली पाने मी फाडली नाहीत. त्यांत कोणाची लबाडी नाही. बहुतेक ठिकाणी प्रेमच गाळलेले आहे. एका मोठ्या कारखानदारांना त्यांच्या ड्रायव्हरने गाडी चालवायला शिकवताना कसे रडवले, ते प्रकरण त्यांच्या मुलांना कमीपणाचे वाटले. ही पाने ज्या त्या घरच्या नातवंडांना पाठवावीत. नातवंडांना आजोबा रडलेले आवडतात.

५. ‘पेठ’ हे व्यापारविषयक मासिक माझ्या व श्री. सुमंत यांच्या भागीत आहे. माझा भाग वासंतीला. सुमंत आमचा छापखानाही सांभाळतो. तो माणूस खरा आहे, पण त्याच्याशी माझे एक जुने भांडण आहे आणि ते मी येथे मिटवत नाही. बारा वर्षांपूर्वी मी मोटार शर्यतींचे मासिक काढायचे ठरवले तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला, "रत्नाकर, गाडी गोल फिरून परत तिथेच येते. त्यात बातमी काय?" मी त्याला म्हटले, "तुझा शेअर बाजार काय करतो?" तो हसला, पण मासिकाला त्याने आजवर ‘तुझं ते गोल गोल’ यापलीकडे नाव दिलेले नाही. सबब माझ्या शोकसभेत सुमंतने बोलू नये. बोललाच तर आकडे सांगू नयेत.

६. माझी दोन स्टॉपवॉच, रेकॉर्डर, लांब पल्ल्याची लेन्स आणि ट्रॅकवरचा रेनकोट ही कचेरीतल्या त्या माणसाला, ज्याला ती मागायला लाज वाटणार नाही. योगीराजकाकांच्या चरित्राची टिपणे माझी कचेरीतली सहकारी कु. अनुषा हिच्याकडे जावीत. त्यात टोमॅटोचा प्रसंग खरा तसा लिहावा. ब्रेक उत्तम होते.

७. या कलमासाठी खरे तर हा सगळा लेख.

मी गावच्या शाळेत पाचवीत असताना एक रॅली आमच्या घाटातून गेली. मास्तरांनी वर्ग सोडला, आम्ही बांधावर उभे राहिलो, गाड्या गेल्या. परत आल्यावर मास्तर म्हणाले, "आता लिहा, काय दिसलं." गाडी मला दिसलीच नव्हती, इतकी ती जोरात गेली. मग मी धुळीबद्दल लिहिले. ती कशी उठली, कोणाच्या अंगावर बसली, म्हाताऱ्या गुरवाने ती झटकली नाही ते. मास्तरांनी निबंध वर्गात वाचून दाखवला. पुढे मी पोटासाठी व्यापाराच्या बातम्या लिहिल्या, पण चेन्नईजवळच्या ट्रॅकवर पहिली शर्यत पाहिली तेव्हा तोच बांध आठवला. तिकीट स्वस्तातले होते, म्हणून नवव्या वळणाशी उभा होतो. मासिकाचे नाव तिथूनच आले. ‘टर्न नाइन’.

या मासिकाने कधी पोट भरले नाही. ‘पेठ’ कमावते आणि ‘टर्न नाइन’ खाते, हे कचेरीतल्या शिपायालाही ठाऊक आहे. तरी ते बारा वर्षे निघते, याचे कारण अनुषा. ती बेंगळुरूतल्या जुन्या मराठी घरातली. तिच्या मराठीत मधेच कन्नड येते आणि ती मला अण्णा म्हणते. दुसऱ्या वर्षापासून मासिकाचा संपादक नावाला मी आणि कामाला ती. कोणता टायर कोणत्या उन्हात किती टिकतो हे ती बघते, आणि मी ड्रायव्हरांच्या आयांना भेटून येतो.

या कलमाचा पहिला मसुदा असा होता: ‘माझ्या पश्चात "टर्न नाइन"ची संपूर्ण मालकी कु. अनुषा हिला मिळावी.’ मला तो फार उदार वाटला होता.

आमच्या कचेरीचा नियम आहे की दुसऱ्या माणसाने प्रूफ तपासल्याशिवाय कोणताही मजकूर पुढे जात नाही. लग्नपत्रिकासुद्धा. त्या सवयीने मी मृत्युपत्राचा मसुदा उचलला आणि अनुषाच्या टेबलावर ठेवला. मृत्युपत्र असे कोणाला वाचायला देत नाहीत, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला तर नाहीच, हे माझे वकील हयवदन यांनी नंतर डोक्याला हात लावून सांगितले. तोवर उशीर झाला होता.

अनुषा तासाभराने आली. तिने स्वल्पविराम सुधारले होते, ‘शाबूत’चा ऊ दीर्घ केला होता आणि सातव्या कलमातल्या दोन शब्दांभोवती लाल गोल काढला होता.

"अण्णा, इथे चूक आहे."

"कुठे?"

"‘माझ्या पश्चात’. तुमची आजी किती वर्षांची होऊन गेली?"

"अठ्ठ्याण्णव."

"आणि आई?"

"चौऱ्याऐंशी. अजून विहिरीचं पाणी ओढते."

"तुमच्या घरात कोणी वेळेवर जात नाही, अण्णा. मी ऐंशीची होईन तेव्हा. काठी टेकत पिटमध्ये टायर बघायला जाऊ?" ती हसत होती. मग हसायची थांबली. "स्वल्प बसा. व्हाइटफील्डच्या एका कंपनीनं बोलावलंय. शर्यतींचे गेम करतात. चौदा तारखेपर्यंत हो की नाही सांगायचंय. मला जायचं नाही. पण इथे मी काय आहे? तुम्ही मला काही देताय हे वाचून आनंद झाला, आणि ते घ्यायला तुमच्या मरणाची वाट बघायची, म्हणून वाईट वाटलं. अशी वाट मला बघायची नाही."

मी म्हटले, "बघू."

"‘बघू’ म्हणजे या ऑफिसात ‘नाही’," ती म्हणाली. "सरी." म्हणजे ‘ठीक आहे’. आणि आपल्या टेबलाशी गेली.

ती गेली तर मासिक दोन अंकांत बंद पडेल, हे मला त्याच क्षणी कळले होते. तरी मी ‘हो’ म्हणालो नाही. कारण व्यापारी नव्हते. ट्रॅकच्या फाटकावर माझ्या पासावर ‘मालक व संपादक’ असे लिहिलेले असते. ते नसेल तर मी तिथे कोण? वाडीतून आलेला, गाडीसुद्धा धड न चालवणारा माणूस.

घरी वासंतीला सांगितले. ती टोमॅटोचे सार ढवळत होती. त्या पाटीतले टोमॅटो आम्ही आठवडाभर खात होतो.

"अहो, तुम्हाला शर्यत बघायला आवडते की मालकी?"

"शर्यत."

"मग? ती मुलं कुंपणावर चढून बघतात, ती कुठल्या मासिकाची मालक आहेत? त्यांना कमी दिसतं का?"

"पण पास..."

"अनुषा देईल की पास. मागा तिच्याकडे. इतकी वर्षं ती तुमच्याकडे रजा मागते."

दोन दिवस मी हे मनात घोळवले. तिसऱ्या दिवशी सकाळी घरच्या देवाला नैवेद्य दाखवत होतो. पाणी फिरवले, डोळे मिटले, आणि लक्षात आले की ताट माझ्या हातातच आहे, मी ते खाली ठेवलेले नाही. देवाला जेवायला सांगायचे आणि ताट सोडायचे नाही. मी ताट खाली ठेवले. ज्याला द्यायचे त्याच्यासमोर ते ठेवावे लागते, एवढेच मला त्या वेळी समजले, आणि तेवढे पुरले.

आज, चौदा तारखेला सकाळी, हयवदन यांच्या कचेरीत मी ‘टर्न नाइन’चे नाव, नोंदणी, छायाचित्रांचा साठा व वर्गणीदार अनुषाच्या नावे करण्याच्या कागदांवर सह्या केल्या. हयवदन म्हणाले, "यजमान, आणखी एक दिवस विचार करा हवं तर." मी म्हटले, "विचार करत बसलो तर आजीच्या वयाचा होईन." अनुषाने सही केली, पेन परत केले, बाहेर जाऊन व्हाइटफील्डच्या कंपनीला फोनवर ‘नाही’ कळवले आणि आत येऊन मला नव्या मालकाची पहिली सूचना दिली: "अण्णा, आयांवरचा लेख वीस तारखेपर्यंत. आणि लहान. तुम्ही धुळीबद्दल फार लिहिता."

मला फार बरे वाटले. भूकही लागली.

सबब सातवे कलम वाटणी म्हणून धरू नये. ते मासिक आता माझे नाही, म्हणून ते या मृत्युपत्रात नाही.

वरील मजकूर मी वाचला, मला समजला, आणि खालील दोघांच्या देखत मी सही केली. त्या दोघांनीही माझ्या देखत केली.

रत्नाकर महादेव शिंत्रे

साक्षीदार:
१. योगीराज, बसवनगुडी
२. सुमंत, मुद्रक, बसवनगुडी

स्थळ: बेंगळुरू
दिनांक: १४ फेब्रुवारी २०२५