एका चौकटीत दोन लेकरं

३ नोव्हें., सोम.
पुण्याहून बुलढाण्याच्या ऑफिसात प्र. सरांचा फोन. (प्र. म्हणजे प्रकल्पप्रमुख. प्रिय कसले?) लेकरांच्या वजनाचा तिमाही तक्ता एकाच पानावर बसवा, देणगीदारांना पान उलटायचा कंटाळा येतो म्हणे. लेकरं आमची, कंटाळा त्यांचा, कंबरडं माझं.

दुपारी शोभाताईचा फोन. मोताळ्याकडच्या एका गावात ती संस्थेसाठी लेकरांची वजनं घेते.
"मॅडम, सुनीताच्या पोट्टीले पाकिटं काऊन देत नाही तुमी? तीन मयन्यापासून सांगून राह्यली मी."
शंभरदा सांगितलंय तिला. क्रॉसटॅब काढते मी. डावीकडे आईचं नाव, वर महिने, मधल्या चौकटीत वजन. वजन कमी असेल तर चौकट लाल होते, आणि लाल असेल त्याच घरी पोषणाची पाकिटं जातात. सुनीताची ओळ पाहिली. वजन ठीक, लाल काही नाही. तसं सांगितलं.
"तुमच्या कम्प्यूटरले डोये नाई का?" असं म्हणून तिनेच फोन ठेवला. मला! रजिस्टर धड भरायचं नाही आणि वर तोंड करून बोलायचं.

४ नोव्हें., मंगळ.
शो.ताईने रजिस्टरचा फोटो पाठवला. "सुनीताची मुलगी" ६.४ किलो. खालच्याच ओळीत परत "सुनीताची मुलगी", ४.२. तारीख तीच. लगेच फोन करून झापलं. एकाच लेकराला एका दिवसात दोनदा मोजता, आणि त्यात दोन किलोंचा फरक? काटा आहे की खेळणं?
तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, जुळ्या हायेत त्या."
मग नावं का लिहिली नाहीत?
"ठेवलीच नाईत अजून. आजी म्हणते, धाकटी सावरू द्या, मंग दोघीचं संगच ठेवू."
सात महिन्यांच्या झाल्या. घरात मोठी आणि धाकटी म्हणतात. रजिस्टरात दोघीही सुनीताची मुलगी.
झापल्याबद्दल माफी मागायची राहिली.

५ नोव्हें., बुध.
सकाळी हा तक्ता काढून देणारी क्वेरी उघडली. एका चौकटीत आकडा एकच मावतो. दोन आले तर काय करायचं ते आधी सांगून ठेवावं लागतं: बेरीज, सरासरी, पहिला, नाहीतर सगळ्यात मोठा. तिथे "सगळ्यात मोठा" असं सांगून ठेवलेलं. म्हणजे तीन महिने मोठीचं वजन दिसत राहिलं आणि धाकटी तिच्यामागे गडप. कोणी केला हा दीडशहाणपणा म्हणून तारीख बघितली. जुलै. मीच.

आठवलं. तेव्हा काही ताया महिन्यातून दोनदा वजन घ्यायच्या, चौकट अडायची. मी डोकं चालवलं की वाढतं लेकरू आहे, म्हणजे मोठा आकडा तोच नंतरचा. सरांनी अंगठा पाठवला होता. मी त्या दिवशी कचोरी खाल्ली होती, स्वतःच्या हुशारीची.
वाढतं लेकरू! सगळी लेकरं वाढतातच, हे मला कोणी सांगितलं होतं?
संताप संताप होतोय. आणि चोराच्या उलट्या बोंबा, झापलं कोणाला तर शो.ताईला.

६ नोव्हें., गुरु.
एका आईच्या नावावर एकाच महिन्यात दोन नोंदी, अशी आणखी आठ घरं सापडली. दोनदा मोजलेलं एकच लेकरू की दोन लेकरं, ते नुसत्या यादीवरून कळायला मार्ग नाही.
प्र. सरांना फोन केला. सगळं सांगितलं, माझी चूक आहे हेही. तर म्हणे, "रिपोर्ट वर गेलाय. एका केससाठी फॉरमॅट बदलायचा का आपण?"
तोंडातून निघून गेलं, "काऊन नाही बदलायचा?"
हसले! "तुमच्याकडची भाषा फार गोड आहे हो."
गोड. लेकरू चार किलोंचं आहे आणि यांना माझी भाषा गोड लागतेय. पुढे काय बोलले ते ऐकलंच नाही.

७ नोव्हें., शुक्र.
क्वेरी नव्याने लिहिली. आता आईच्या नावावर नाही, प्रत्येक लेकराला स्वतःचा क्रमांक, स्वतःची ओळ. चालवली. धाकटी लाल. ऑगस्टपासून सगळ्या चौकटी लाल.
दोन पानं झाली. पाठवली. चार वाजता परत. "जुन्या फॉरमॅटमध्ये द्या. सोमवारी येतोय, तेव्हा बोलू." बोला.

९ नोव्हें., रवि.
एसटीने मोताळा, पुढे शो.ताईच्या भावाच्या गाडीवर. सुनीता कापूस वेचायला गेलेली, दोघी आजीजवळ. मोठी माझं लॉकेट ओढत होती. धाकटी नुसती बघत होती. काट्यावर ठेवली, ४.१. मागच्यापेक्षा कमी.
आजी म्हणाली, "जितं लेकरू मांडीवर हाये, अन् हे म्हणतात यादीत नाई."
मी सांगितलं, चूक माझी आहे.
"मंग सुदरवली का?"
हो म्हणाले. तक्ता परत आलाय ते मात्र सांगायची हिंमत झाली नाही.
शो.ताई तीन महिने घरचं अंडं नेऊन देत होती, हे आजीकडून कळलं. तिने एका शब्दानेही सांगितलं नव्हतं. आज माफी मागितली. "जाऊ द्या न मॅडम, लेकराचं पाहा आता," म्हणाली. उद्या सकाळच्या गाडीने धाकटीला बुलढाण्याला दवाखान्यात आणायचं ठरलं.

१० नोव्हें., सोम.
धाकटी दाखल. डॉक्टरांनी सुनीताला विचारलं, इतके दिवस काय करत होता? उत्तर मी द्यायला हवं होतं. किती दिवस ठेवतील, ते सांगत नाहीत.

सर आज आलेच नाहीत, उद्या येतायत. जुनं पान देणार नाही मी. कामावरून काढायचं तर काढा म्हणावं.

दवाखान्यात बसल्या बसल्या त्या आठ घरांसाठी आठ तायांना फोन लावले. सहा जणींनी दोनदा मोजलं होतं. सातवीकडे जुळे, दोघंही गुटगुटीत. आठवी जानेफळकडची, माझ्याच माहेराजवळची.
"जुळेच होते मॅडम, दोन पोरं. आता एकच हाये."
कधी?
"पोळा झाला अन् आठ दिसानं. ताप होता."
तापानेच असेल. तापाने जातात लेकरं. मग मी विचारलं, तुम्ही कळवलं का नाही?
"कळवणार काय? तुमच्या कागदावर पयल्यापासून एकच लेकरू होतं न."

मूळ नोंदींत त्या दोघांचे ऑगस्टचे आकडे असतील, मोठ्यामागे गडप झालेला लहानही. अजून उघडलेल्या नाहीत.