थोरली जेवत नाही

प्रिय धाकटे,

प्रभूत सलाम. हे पत्र पाळकबाईंच्या भाचीच्या हाती देते आहे. ती तिकडे परदेशी, तुझ्याच शहरात नोकरीला निघाली आहे. तुझा पत्ता तिने कुठून मिळवला ते मी विचारलं नाही. तुझा जुना नंबर लागत नाही. एक बाई फोनवर सांगते की हा क्रमांक अस्तित्वात नाही, आणि मी तिच्यावरच खेकसते, जशी काही तीच तुला लपवून बसली आहे. या मधलीचं अक्षर तुला ठाऊक आहे, कोंबडीने पाय ओढल्यासारखं. सवडीने वाच, पण रागाने मध्येच घडी घालून ठेवू नकोस.

आधी इकडची खबर. लाँड्रीत नवं इस्त्रीचं यंत्र आलं. जुन्याची वाफ आपल्या तोंडावर यायची, याची वर छताला जाते. मुकादम म्हणतो, फुकटची वाफ बंद झाली आणि सगळ्या बायका एका महिन्यात म्हाताऱ्या दिसायला लागल्या. चादरी मात्र त्याच, हॉस्पिटलच्या, तेच डाग. आमचे हे अजून बस चालवतात आणि घरी खुर्चीत बसल्यावरही मधूनच ब्रेक दाबल्यासारखा पाय दाबतात. चर्चला नवा रंग दिला, पण मागच्या जिन्याखालचं आपलं बाक रंगवायचं राहिलं. तिथे कोणी बसत नाही असं त्यांना वाटलं असेल.

आपण तिथे पहिल्यांदा डबे उघडले तो रविवार आठवतो का? तुम्ही दोघी एकाच किनाऱ्याच्या, मी कोरड्या डोंगरावरची. उपासना संपली, तशी थोरलीने आपल्याला दंडाला धरून जिन्याखाली आणलं. तू तेव्हा इथल्या शहरात नवीन होतीस आणि भूक लागली हे सांगायलाही लाजत होतीस. थोरलीची मासळी आंबट, तुझी नारळातली, आणि दोघींचं लगेच जुंपलं की किनाऱ्याची खरी चव कुठली. तुमच्या गावांमध्ये म्हणे एक खाडी तेवढी आडवी, पण भांडण असं की मध्ये अख्खा समुद्र असावा. माझ्या डब्यात लसूण आणि जळकी मिरची घातलेली घट्ट डाळ होती. थोरलीने एक घास घेतला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि म्हणाली, ‘अगं, हे जेवण आहे की पापाचं प्रायश्चित्त?’ आणि बोलता बोलता अर्धा डबा तिनेच संपवला. पुढे नियमच झाला की आपला डबा आपण खायचा नाही. थोरलीची प्रार्थना इतकी लांबायची की मासळी गार व्हायची. आजारी, प्रवासी, विधवा, राज्यकर्ते, कोणी सुटायचं नाही. तू डोळे मिटून हळूच डब्यात बोट घालायचीस, आणि ती ‘आमेन’च्या आधी म्हणायची, ‘प्रभू, या धाकटीलाही क्षमा कर.’

थोरली, मधली, धाकटी. तीन गावांच्या, तीन आयांच्या. पाळकसाहेबांनाही कित्येक महिने आपण सख्ख्या बहिणी वाटत होतो. तुला खोली तिने शोधून दिली, लाँड्रीत लावलं तिने, आणि ताप आला तेव्हा तिच्याच खोलीत तू झोपली होतीस. मला कधीकधी तुमचा हेवाही वाटायचा. तुम्ही दोघी मध्येच आपल्या भाषेत काहीतरी बोलून हसायचात. मी विचारलं की म्हणायचात, ‘हे डोंगरावर चढत नाही गं.’

मग तो तुझा शेवटचा रविवार. तू परदेशी एका म्हातारीला सांभाळायला निघाली होतीस, आणि थोरली सगळ्यांसमोर म्हणाली, ‘परक्याच्या आईचं करायला निघालीस, स्वतःच्या आईचं कोण करणार?’ तू हातातला घास डब्यात ठेवलास आणि उठून गेलीस. तो डबा मी धुतला. पुढे वर्षाच्या आत तुझी आई गेली, तुला येता आलं नाही, आणि ते वाक्य तुझ्या काळजात कसं रुतून बसलं असेल ते मला कळतं. तू फोन बंद केलास यात मी तुला बोल लावत नाही. मीही कदाचित तेच केलं असतं.

आता मन घट्ट कर. थोरलीला अर्धांगाचा झटका आला. आम्ही दोघी चादरीची घडी घालत होतो. तुला माहीतच आहे, दोन टोकं तिने धरायची, दोन मी, ओढायचं, झटकायचं, आणि एकमेकींकडे चालत यायचं. मी चालत गेले, ती आली नाही. तिच्या उजव्या हातातलं टोक गळून पडलं होतं आणि ती त्याच्याकडे बघत होती, जणू ते दुसऱ्याच कोणाच्या हातातून पडलं. मी ओरडले. तिने माझ्याकडे बघून काहीतरी सांगितलं, आणि मला एक अक्षर कळलं नाही. वाटलं, जीभ जड झाली. जीभ नव्हती, धाकटे. ती तुमच्या किनाऱ्याची भाषा बोलत होती.

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. पुढे शिकलेली भाषा जाते आणि आईच्या मांडीवरची राहते. इथली भाषा, जिच्यात तिने आपल्याशी इतकी वर्षं थट्टा केली, रागावली, प्रार्थना केली, ती गेली. माझं नाव गेलं. मला ती ओळखते, माझा हात धरते, गालावरून बोट फिरवते, पण बोलायला लागली की मी तिच्यासमोर बहिऱ्यासारखी बसते. ‘येईल परत, बोलत राहा,’ असं त्यांनी सांगितलं. मी बोलत राहते. लाँड्रीच्या चहाड्या सांगते, पाळकसाहेबांचा उपदेश सांगते, यांच्या गुडघ्यांचं सांगते. ती नम्रपणे ऐकते, बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईचं ऐकावं तशी.

मी तिला आमच्याच खोलीत आणलं. तिला आहेच कोण? नवरा जाऊन किती काळ लोटला, मूल नाही. खाट खिडकीपाशी लावली, आम्ही दोघं खाली झोपतो. हे कुरकुरले नाहीत, उलट तिच्यासाठी एक खुर्ची विकत घेऊन आले. पण ती जेवेना. मी भात मऊ केला, पेज केली, डाळ केली, अगदी लसूण न घालता. घास तोंडापाशी नेला की ती मान फिरवायची आणि म्हणायची, ‘नेमारे.’ की ‘नेवारे’? मला नीट ऐकूच यायचं नाही. मला वाटलं, हे खायचं काहीतरी असणार. तुमच्याकडचा एखादा मासा असेल, पाला असेल, गोड असेल. बाजारात मिळेल तो प्रत्येक मासा मी आणला. आंबट केला, नारळात केला, आठवून आठवून, तुझ्या हाताची चव, तिच्या हाताची चव. हे म्हणाले, ‘तुझी मासळी खाऊन तिची भाषा परत येईल, निदान तुला शिव्या द्यायला.’ आम्ही दोघं हसलो. ती हसली नाही. ताटाकडे बघून पुन्हा तेच, ‘नेमारे?’ आणि माझ्याकडे बघायची, उत्तराची वाट बघत.

तू हे वाचताना थांबली असशील. तुला पहिल्या वेळीच कळलं असेल. मला ते बाजारातल्या मासळीवालीने सांगितलं. ती तुमच्याच किनाऱ्याची आहे हे तिच्या शिव्यांवरून कळलं. मी विचारलं, ‘बाई, नेमारे कुठे मिळेल?’ ती आधी पोट धरून हसली, मग माझं तोंड बघून तिने हातातला कोयता खाली ठेवला. म्हणाली, ‘हे विकत मिळत नाही गं. ताटं मांडली की घरातली मोठी बाई विचारते, नेमारे, म्हणजे सगळे आले का? कोणीतरी आले म्हणायचं, मग पहिला घास.’ मी मासळी तिथेच ठेवून निघाले, तर तिने मागून हाक मारून पिशवी हातात दिली. ती एकदा घरीही आली बिचारी. पण थोरली तिच्याशी बोलली ती पाहुणीशी बोलावं तशी, दोन वाक्यं, आणि दमून डोळे मिटले.

आठव, जिन्याखाली डबे उघडायच्या आधी थोरली हेच तर विचारायची, फक्त इथल्या भाषेत. आपल्याला वाटायचं, सवय आहे तिची.

उत्तराचा शब्द मी मासळीवालीकडून पाठ करून घेतला. दुपारी ताट मांडलं, यांनाही बसवलं. थोरलीने विचारलं. मी तुमच्या भाषेत म्हटलं, आले. तिच्या चेहऱ्यावर उजेड आला. तिने यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग तिच्या डावीकडच्या, जिन्याखाली तू बसायचीस त्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि लहान मुलाने खोटं बोलल्यावर आई हलवते तशी मान हलवली. तिने तोंड उघडलं नाही. मी देवाला म्हटलं, मला भाषा तरी दे नाहीतर तिला भूक तरी दे. दोन्ही दिलं नाही. आता दवाखान्याची बाई येऊन नळीने पातळ काहीतरी देते, तेवढ्यावर ती आहे.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नव्हती. थोरलीने मला शपथ घातली होती, पण आता मला कळेल अशा भाषेत ती मला अडवू शकत नाही, तेव्हा सांगते. तुझी आई अंथरुणाला खिळली हे कळलं तसं थोरली बिनपगारी रजा टाकून तुमच्या गावी गेली. शेवटपर्यंत तिथे राहिली. तुझ्या आईला तिने न्हाऊ घातलं, केस विंचरले, खाडीपलीकडच्या चवीला नावं ठेवत तीच नारळातली मासळी करून भरवली. अंत्यविधीला पाळक वेळेत पोचले नाहीत, तर पहिली प्रार्थना तिने केली. परत आली तेव्हा मी म्हटलं, धाकटीला कळव. तर म्हणाली, ‘कळवलं की तिला ते उपकार वाटतील. बोलले ते मी बोलले, ते असं फेडायचं नाही.’ तिने तुला फोन लावला होता, एकदा नाही, बऱ्याचदा. तू उचलला नाहीस. मग ती माझ्यासमोर फोन ठेवून द्यायची आणि म्हणायची, ‘कामात असेल.’

हे वाचून तुला रडू येईल आणि तू स्वतःला दोष देशील म्हणून मी सांगत नव्हते. आजही सांगितलं नसतं, पण आता वेळ फार उरला नाही.

तिचा पुतण्या येऊन गेला. माणूस वाईट नाही. खाली जमिनीवर बसला, तिचे पाय धरले. पण तो शहरात जन्मला, त्याला तिच्या भाषेतलं ‘पाणी’सुद्धा येत नाही. तो तिला महिनाअखेर आपल्या घरी नेणार आहे. तिथे लिफ्ट आहे, वेगळी खोली आहे, दिवसभर एक बाई ठेवणार आहे. आमच्याकडे तीन मजले जिना, मी कामावर गेले की दार बाहेरून लावून जाते, आणि संध्याकाळी येईपर्यंत चादरींत माझा जीव नसतो. मी नाही म्हणू कशाच्या जोरावर? हॉस्पिटलात मला विचारलं, ‘पेशंटच्या तुम्ही कोण?’ मी म्हटलं, मधली. फॉर्म भरणाऱ्या मुलीने पेन धरून नुसतं बघितलं. पुतण्याचं मात्र त्यांना लगेच कळलं. त्याच्यावर चिडावं म्हणते तर तेही जमत नाही. जाताना तो मला म्हणाला, ‘काकू, ती काय मागते ते तुम्ही मला लिहून द्या.’ काय लिहून देऊ?

तुला ये म्हणून मी हे लिहीत नाही. तुझा करार, तुझी म्हातारी, तुझा पासपोर्ट मालकांच्या कपाटात, हे पत्ता मिळवताना भाचीला कळलं, तिने मला सांगितलं आहे. आईच्या वेळी आली नाहीस ती येऊ शकली नाहीस म्हणून, एवढं मला कळतं. क्षमा कर असंही मी म्हणत नाही, ते तुझं आणि तिचं. माझं मागणं लहान आहे. पुतण्या तिला नेण्याआधी, रविवारी उपासनेनंतर कधीही, माझ्या नंबरवर फोन कर. तो बदललेला नाही. मी ताट मांडून फोन तिच्या कानाशी ठेवीन आणि लांब जाऊन बसेन, मला तसंही काही कळणार नाही. तिच्याशी तुमच्या भाषेत काहीही बोल. आईचं बोल, तुझ्या म्हातारीचं बोल, तिकडे काय खातेस ते सांग. आणि मनात तेच वाक्य अजून सलत असेल तर तेही काढ, भांड तिच्याशी, पोटभर भांड. तिला कळेल असं तिच्याशी भांडणारं इथे कोणी उरलं नाही.

तुझीच,
मधली