पुस्तकातली मावशी

व्हिटबी, ३ मार्च १८५७

ती. सौ. ऑगस्टाताईस हेस्टरचा शि. सा. न. वि. वि.

पुस्तक एकदाचं झालं. सगळी पानं या टपालाने पाठवते आहे. भावोजींची प्रकाशकांशी ऊठबस आहे, त्यांनी नुसता शब्द टाकावा. आमच्या गुरुवारच्या वाचनात बायका शास्त्राची पुस्तकं जिवाचा कान करून ऐकतात. माझ्या पुस्तकात मावशी भाचीला समुद्रफुलं, म्हणजे खडकाला चिकटलेले ते फुलासारखे जीव, काचेच्या बरणीत कशी जगवायची ते शिकवते. भाची म्हणजे तुझी डोरा, तितकीच आगाऊ.

ताई, वर माझं नाव छापून यावं एवढीच इच्छा आहे. जन्मभर 'पाद्रीबुवांची धाकटी' म्हणून ओळखले गेले, आता पुरे. भावोजींना सांग, चहात साखर कमी घ्या, पोट पुढे येतंय.

तुझ्या लोभावर हक्क सांगणारी,
हेस्टर

लीड्स, २० मे

चि. हेस्टर हिस अनेक आशीर्वाद.

तुझं लिखाण एका बैठकीत वाचलं. पण प्रकाशकांनी नाही म्हटलं गं. अशी पुस्तकं खंडीभर पडून आहेत म्हणे. कष्टी होऊ नकोस. पानं माझ्याकडेच राहू देत, टपालात गहाळ व्हायची. यांना इथल्या शास्त्रसभेत घ्यायचं घाटतंय, त्यामुळे घरात पाहुण्यांची रीघ आहे. तब्येतीला जप.

आहे तसाच लोभ राहू दे.
तुझी ताई

व्हिटबी, ११ नोव्हेंबर

ताई,

आमचं गुरुवारचं वाचन ज्यांच्या घरी भरतं, त्या मिसेस थ्वेट यांनी गेल्या महिन्यात वाचनाला नवं पुस्तक आणलं. वर भावोजींचं नाव. पहिलंच वाक्य ऐकलं आणि मी हातातला कप खाली ठेवला. वाक्य माझं होतं. फक्त आता काका शिकवतात, आणि मावशी मध्येमध्ये विचारते की अगं बाई, हे चावतं का हो. बायका पोट धरून हसल्या.

बरणीत हिरवं शेवाळ घालायचं, ते पान भावोजींनी गाळलंय. घरोघरी पाणी नासलं, समुद्रफुलं मेली. मी शेवाळ घाला म्हटलं, तर मिसेस थ्वेट म्हणाल्या की आधी मेहुण्यांना विचारून घ्या. मग मला राहवलं नाही. पुस्तक माझं आहे, असं सांगून टाकलं. त्यावर त्या म्हणाल्या, अगदी पुस्तकातल्या मावशीसारखं बोलता हो.

भावोजींचं मला नवल नाही. पण त्यांना माझं अक्षर लागत नाही, हे आपल्या दोघींना ठाऊक आहे. सगळं उतरवून तू दिलंस. मावशीला बावळट तुझ्या हाताने केलंस. आई गेल्यावर मला तुझ्याशिवाय कोण होतं गं? तू माझा गळा कापलास.

तरी एक मागते. मिसेस थ्वेट यांना खरं काय ते एका ओळीत लिही. तुझा शब्द त्या मानतील.

हेस्टर

लीड्स, १९ नोव्हेंबर

सौ. थ्वेट यांस सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही, तरी धाकट्या बहिणीच्या काळजीने लिहिते आहे. हेस्टरने आपणा सर्वांपुढे जे बोलून दाखवलं, ते कृपा करून मनावर घेऊ नये. ती एकटी राहते, वाचते फार, आणि वाचता वाचता दुसऱ्याचं कुठलं नि आपलं कुठलं, हे तिला उमगेनासं होतं. बरणीत मूठभर हिरवं शेवाळ घालावं, असं हे सांगतात. दुसरा भागही यांनी हाती घेतला आहे.

आमच्या डॉक्टरांच्या मते तिला सध्या शास्त्राची पुस्तकं न दिलेली बरी. गुरुवारी वाचन चालू असताना तिला चहाचं बघायला सांगावं. ते ती छान करते.

माझ्या बहिणीवर आपली माया असू द्यावी.

आपली,
सौ. ऑगस्टा पेल