पूजा झालेलं चाक

पनवेल, ४ जून १९९१

नेऱ्याच्या शेतासाठी आणलेला परदेशी ट्रॅक्टर जोडून झाला आणि ह्यांनी लगेच पूजा उरकली. चाकांचे नट पुन्हा आवळायचे राहिलेच. इंग्रजी पुस्तिकेत तसं स्पष्ट लिहिलंय. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर प्रत्येक सूचना दोनदा वाचायला लावत, ती सवय अजून आहे.

ड्रायव्हर नामदेव म्हणाला, "हळद लागल्या चाकाला आज पाना नाय लावायचा, बाई."

हे हसले, "तुझ्या सिस्टरना विचार!"

उद्या हे स्वतः तो ट्रॅक्टर उतारावरून नेणार. ते नट... मी उगीच घाबरते का? अंधार पडताना राहवेना. हात जोडले आणि पाना लावला. नट चक्क अर्धा फेरा फिरला.

ह्यांना हाक मारून दाखवलं. माझ्या हातातला पाना घेऊन चाकाशी उकिडवे बसले. म्हणाले, "बॅटरी धर."