विश्रांतवाडीची रिकामी बस

गुरुवार, संध्याकाळ

कंपनीची विश्रांतवाडीची बस रोज रिकामी येते, असा माझाच अहवाल. त्यावरून ती सोमवारपासून बंद होणार होती. दुपारी त्याच बसने येणारी शबाना माझ्या टेबलाशी आली. "अहो, हिंजवडीपर्यंत रोज उभी येते मी, आणि बस रिकामी? ती बंद झाली की घरचे नोकरी सोडायला लावतील." हसत म्हणाली. हसली नसती तर बरं वाटलं असतं.

बसमधला नंबर कंपनीच्या गेटवरच्या नंबराशी जुळला, तरच संगणक तो प्रवासी मोजतो. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पुन्हा पुन्हा पाहिल्या. दोन्हीकडे तिचा नंबर तोच. मग संगणकाला का जुळत नाही?

बसमध्ये ४१७. गेटवर 417. चालक बाळूकाका मोबाइलवर मराठी अंक टाकतात. मी लहानपणापासून दोन्ही सारखेच वाचतो, म्हणून फरक दिसलाच नाही. संगणकाला मात्र ती दोन माणसं.

अंक एकसारखे केले आणि बस भरली. अहवाल मागे घेतला.

बाळूकाका म्हणाले, "मशीनला मराठी येत न्हाय व्हय? मग पुण्यात कशापायी आणलं?"

शबानाला सांगितलं, बस चालू राहणार.

"म्हणजे सोमवारी उभीच येणार ना मी?"

"हो."

"मग ठीक आहे," म्हणाली.