घरचाच नंबर

कडेगाव,
१९ जून १९७९

तीर्थस्वरूप धनाजीमामांस,

अंजनाचा साष्टांग नमस्कार. इथे आम्ही सगळी खुशाल आहोत. सांगलीत तुम्ही, मामी आणि पोरं बरी असालच. आईची कंबर दुखते ती दुखतेच, आणि विचारलं तर "मला काय धाड भरलीया" म्हणून अंगावर येते. भुरी म्हैस व्याली. मामींना खरवस धाडायचा होता, पण सांगलीला जाणारं माणूस मिळालं नाही.

परवा पाहुणे येऊन गेले. मुलगा कोरेगावकडचा, सयाजी नाव, फौजेत आहे. माणूस वाईट दिसला नाही. त्याने मला विचारलं, "शिक्षान किती झालंय?" मी तोंड उघडायच्या आत आबाच बोलले, "बारावी झालीया. नर्शिंगची परीक्षा दिलती, पर नापास झाली." मी मान खाली घालून पोह्यांच्या बशा उचलल्या. तुळशीचं लग्न झालं की आमचं, असं ठरत आलं आहे.

नापास झाली. येणाराजाणारा हेच म्हणतो. मी नापास नाही हे ठाऊक असलेली माणसं किती, तर तुम्ही, आई, तुमचे साहेब आणि आता मी.

गेल्या रविवारी तुम्ही गोठ्यात आईशी बोलत होतात, तेव्हा मी वैरणीचा भारा घेऊन कुडाआड उभी होते. चोरून ऐकलं खरं. पण जे ऐकलं त्यानंतर त्याची लाज वाटायची राहूनच गेली.

मला समजलं तसं लिहिते. प्रोग्राममधल्या चुका हुडकायला तुमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर दुसरा एक प्रोग्राम असतो, त्याला तुम्ही डिबगर म्हणता. तो सुरू केला की यंत्राच्या पोटातला कुठलाही आकडा दिसतो आणि वाटलं तर बदलताही येतो. कुणी बदलला, त्याची खूण मागे राहत नाही. मिरजेच्या नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेचे आमचे गुण त्याच यंत्रात होते. हे धोक्याचं आहे, उद्या कुणीही शिरेल, असं तुम्ही हंबीरराव साहेबांना सांगायला गेलात. ते म्हणाले, "कोण रिकामं बसलंय असलं करायला?" मग तुम्ही त्यांच्या डोळ्यांदेखत करून दाखवलंत. माझ्या नंबरावर.

माझ्या मनात आलं तेच आईने तुम्हाला विचारलं, "तिचाच नंबर कशाला घेतलास रं?"

"परक्याच्या लेकराला हात कसा लावायचा, अक्का? आन् वाढवून दावलं असतं तर भाचीसाठी केलं म्हनले असते. म्हनून कमी केलं. लगेच परत करनार व्हतो."

परत करायला मिळालंच नाही. साहेब भडकले, तुम्हाला खोलीबाहेर काढलं आणि संध्याकाळी दुसऱ्याच माणसाकडून निकालाची यादी छापून घेतली. नंतर तुम्ही पाया पडलात, तर म्हणाले, एकीचे गुण बदलले तर बाकीच्यांचे बरोबर कशावरून, असं लोक विचारतील. तोंड उघडलंस तर नोकरी विसर.

विचारू दे की लोकांना! खूणच राहत नाही, तर तुमच्या आधी कुणी शिरलंच नव्हतं हे साहेबांना तरी काय माहीत? धोका आहे म्हणालात ते बरोबरच होतं, मामा. फक्त तो तुमच्याच हातून झाला.

मला तुमचा लय राग आला आहे. सायकल शिकवलीत तुम्ही, बारावीला फॉर्म भरलात तुम्ही, म्हणून राग जास्त आहे. घरच्याला लागत नाही असं वाटलं का तुम्हाला? परक्याची पोर असती तर तिचा बाप तुमच्या दारात येऊन बसला असता, आणि तिचं तिला दिल्याशिवाय तुम्हाला घास गेला नसता. मी काय, घरची. समजून घेईन.

आईने मला शपथ घातली आहे. "भावाच्या पोटावर पाय देऊ नगं, अंजे. पोरगं चांगलं हाय, खायाप्यायाला कमी न्हाई, गप ऱ्हा." असं म्हणत ती रडत होती. आबांना तिने काही सांगितलेलं नाही. ती शपथ मी आज मोडते आहे.

मामा, मिरजेला जा आणि घडलं तसं लिहून द्या. आमच्या उत्तरपत्रिका तिथेच आहेत, काढून बघतील. प्रवेश महिनाअखेरपर्यंत आहेत. तुमची नोकरी जाईल हे मला कळतं. मामींचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि हे पत्र दोनदा चुलीत घालावंसं वाटलं. तरी मागते. आजवर तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही, न मागताच तुम्ही आणत होतात. हे मात्र माझंच आहे.

तुम्ही गेला नाहीत तरी मी कुणाला सांगणार नाही. लग्न करीन आणि नीट नांदेन. पण अंतरपाटापाशी नवरीला मामानेच आणायचं असतं. तेव्हा माझा हात तुम्हालाच धरावा लागेल.

तुमची पास झालेली भाची,
अंजना